आपल्या उंबऱ्याचा आकडा काढून ठेवा

जुलै लागला की सांगलीत सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं कृष्णेची पातळी फुटांत मोजतात, आणि ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मलाही पाठ होतं. पण त्या आकड्याचा माझ्या स्वयंपाकघराशी आणि माझ्या दुकानाच्या खालच्या फळीशी नेमका काय हिशेब आहे, हे मी २०१९ पर्यंत कधी मांडून बघितलं नव्हतं.

माझं मारुती चौकाच्या पुढं औषधांचं दुकान आहे. घर गावभागात, तळमजल्यावर. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. २००५ च्या पुरात आमच्या घरात मांडीभर पाणी आलं होतं. त्यामुळं ऑगस्ट २०१९ मध्ये नदी चढायला लागली तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण म्हणत होता, "२००५ पेक्षा जास्त काय येणार?" आम्हीही तेच धरून चाललो. धान्याचे डबे, गाद्या, कपड्यांच्या पेट्या, सगळं टेबलावर आणि पलंगावर रचलं आणि स्वस्थ बसलो. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. घरात साडेसहा फूट आणि दुकानात साडेनऊ फूट. सासूबाईंना रात्री बोटीतून बाहेर काढावं लागलं, आणि त्यांची इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिली. औषधांचं दुकान असलेल्या घरातली ही गोष्ट आहे. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की आता अंदाजावर चालायचं नाही, आकड्यावर चालायचं. पुढं लिहिलंय ते तेव्हापासून वहीत जमवलेलं आहे. २०२१ च्या जुलैत ते वापरून बघितलं. घरात पाणी तेव्हाही आलं, पण माणसं, कागद आणि बहुतेक माल आधीच बाहेर होता.

आकडा कसा काढायचा

आधी भिंतीवरची जुनी खूण शोधा. पुराची गढूळ रेघ रंग दिला तरी कुठं ना कुठं राहते. जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं, न्हाणीघराच्या दारावर बघा. नसेल तर शेजारी विचारा, २०१९ ला तुमच्या उंबऱ्यापासून किती उंच आलं होतं. टेप लावून मोजा. आता २०१९ चा आयर्विनचा उच्चांक, साडेसत्तावन्न फूट, त्यातून ती उंची वजा करा. माझ्या घरी साडेसत्तावन्नातून साडेसहा गेले, राहिले ५१. म्हणजे आयर्विनला ५१ झाले की पाणी माझ्या उंबऱ्याला लागतं. २०२१ चा आकडा ५५ च्या आसपास होता आणि घरात सव्वाचार फूट पाणी होतं. तो हिशेब पावणेएक्कावन्न येतो. दोन्ही जवळजवळ आले, म्हणजे हिशेब बरोबर. दुकानाचा आकडा तसाच ४८ निघाला.

दोन वर्षांचे आकडे वेगळे आले तर कमी असलेला धरा आणि त्यातूनही एक फूट काढा. कारण पुराचं पाणी पाटासारखं सपाट नसतं. पुलापासून लांब गेलं की पातळी बदलते, आणि काही भागांत नदीच्या आधी नाला येतो. शेरीनाल्याकडचे किंवा भोबे गटाराच्या बाजूचे लोक हे चांगलं जाणतात. नदी उतरणीनं समोरून येते, नाला मागच्या दारानं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत तर इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं. तिथल्या कुणी चाळीसची वाट बघत बसूच नये.

आता यापेक्षा महत्त्वाचा आकडा, जो मला २०१९ ला कुणी सांगितला नव्हता. तो म्हणजे वाटेचा आकडा. माझ्या घराचा उंबरा ५१ ला भिजतो, पण आमच्या गल्लीचं तोंड जिथं मोठ्या रस्त्याला मिळतं तो खोलगट कोपरा ४६ ला बुडतो. म्हणजे घरात पाण्याचा थेंब नसताना आम्ही कोंडले जातो. मधले पाच फूट म्हणजे ६० इंच. नदी तासाला तीन-चार इंच चढत असेल तर पंधरा ते वीस तास. इतका वेळ माणूस कोरड्या घरात बसून म्हणत असतो की अजून आमच्याकडं काही नाही. बोटीची वेळ येते ती यामुळं. तुमच्या घरापासून उंच भागापर्यंत, म्हणजे विश्रामबाग किंवा मार्केट यार्डाच्या बाजूपर्यंत, जाणाऱ्या रस्त्यावरचा सगळ्यांत खोल तुकडा कोणता ते उन्हाळ्यातच चालत जाऊन बघा आणि तो कितीला बुडतो ते जुन्या रहिवाशांना विचारा. निघायचं ते या आकड्याच्या आधी.

हे तीन आकडे, घर ५१, दुकान ४८, वाट ४६, मी स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं नाही, ऑइल पेंटनं लिहिलेत. सासऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे.

नदी वरून बघायची

आयर्विनचा आकडा आपल्याला आत्ता काय चाललंय ते सांगतो. उद्या काय होणार ते वर बघावं लागतं. जलसंपदा खात्याकडून पुलांच्या पातळ्या येतात, त्या वरून खाली अशा वाचायच्या: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन. कराड आणि बहे चढत असेल आणि आयर्विन थांबलेलं असेल, तर ते थांबणं खरं नाही. कराड उतरायला लागलं की मग जरा श्वास घ्यावा. पुराच्या दिवसांत मी दर तीन तासांनी हे आकडे वहीत लिहिते, शेजारी चढ की उतार आणि तासाला किती इंच. मोबाइल बंद पडला तरी वही राहते.

धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला इतके घनफूट) सांगतात आणि साठा टीएमसीमध्ये (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यामुळं लोकांचा गोंधळ होतो. एक हिशेब लक्षात ठेवला की पुरतो: १ लाख क्युसेक पाणी चोवीस तास सुटलं तर साधारण साडेआठ टीएमसी होतं. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ असेल तर नंतरचा पाऊस साठवायला जागा नसते, तो तसाच खाली येतो. कोयनेतून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत पोचायला साधारण एक दिवस लागतो. हा दिवस आपला आहे, तो बातम्या बघण्यात घालवायचा नाही.

पण फक्त कोयनेकडं बघूनही चालत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस थेट नदीत येतो, त्याला दरवाजे नसतात. शिवाय वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्यावरच्या चांदोली धरणातून विसर्ग वाढला की तिचं पाणी आमच्या दाराशीच येऊन भिडतं, आणि खाली नरसोबावाडीला पंचगंगा भरून वाहत असेल तर आमचं पाणी पुढं सरकत नाही. म्हणून आमच्याकडं पूर चढतो भराभर आणि उतरतो मात्र रेंगाळत. घर सोडताना दोन दिवसांचे कपडे घेऊन निघणारे लोक फसतात. आठवड्याचे घ्या.

"धरण फुटलं" ही आवई दर पुरात एकदा तरी उठते. २०१९ ला अशा एका निरोपावर आमच्या गल्लीत लोक अंधारात पळत सुटले आणि एक आजी पडून जायबंदी झाल्या. खात्री करायची तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे, ११२ आहे. ते दोन्ही, १०८ आणि विजेच्या तक्रारीसाठीचा १९१२ हे नंबरही त्याच दारामागं लिहून ठेवा.

कितीला काय करायचं

ठरवाठरवी पुरात करायची नाही. पुरात माणूस थकलेला असतो, घरात पाच जणांची पाच मतं असतात, आणि "अजून एक तास बघू" यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून आम्ही मे महिन्यातच बसून ठरवलंय आणि त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही असंही ठरवलंय. ३० फुटांना वही सुरू होते आणि गाडीची टाकी भरायची. ३५ ला दुकानातल्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या, आणि चारचाकी विश्रामबागेत नणंदेच्या दारात नेऊन लावायची. ४० ला सासू-सासरे आणि मुलगी तिकडं जातात, पाऊस थांबलेला असला तरी आणि सासऱ्यांनी "मी कुठं जात नाही" म्हटलं तरी. ४३ ला घराची आणि दुकानाची वीज बंद, कुलूप, आणि आम्ही दोघंही बाहेर. ४५ ला घरात कुणी नाही. माझी वाट ४६ ला बंद होते म्हणून हे आकडे असे आहेत. तुमची वाट ४२ ला बंद होत असेल तर सगळं चार फूट खाली सरकवा.

दोनदा असं झालं की आम्ही ४० ला माणसं हलवली आणि पाणी ४२ वरून परत फिरलं. सासरे चिडले. मी त्यांना म्हटलं, "मामा, दोन दिवस लेकीकडं राहिलात, त्यात बिघडलं काय?" असं फुकट गेलेलं निघणं मनाला लावून घ्यायचं नाही.

कामावरची माणसं आधी

माझ्या दुकानात काम करणारा मुलगा सांगलीवाडीचा. आयर्विन पुलाच्या पलीकडचा. २०१९ ला ज्या दिवशी तो माझ्या दुकानातली खोकी वर चढवत होता, त्या दिवशी त्याच्या घरात त्याची आई एकटी धान्याची पोती ओढत होती. मी त्याला संध्याकाळी सोडलं. माझं दुकान वाचवायला मी त्याचा घर आवरण्याचा दिवस घेतला. हे मला अजून बोचतं, आणि दुकानदार, गोदामवाले, छोटे कारखानदार वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे की तुमच्या प्रत्येक कामगाराच्या घराचा आकडा तुमच्या वहीत असू द्या. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी तो सगळ्यांत आधी घरी जाणार, भरपगारी. माल हलवायचा तर तो ३५ लाच हलवा, तेव्हा सगळ्यांचे हात मोकळे असतात. ४० नंतर आमच्या दुकानात कुणालाही बोलवायचं नाही, असा नियम आहे. त्या महिन्याचा पगार पाच तारखेची वाट न बघता रोख द्यायचा, कारण पुरात एटीएम बंद असतात आणि ऑनलाइन पैसे रेंजशिवाय चालत नाहीत.

दुकान

२०१९ ला मी आधी महागडी औषधं वर ठेवली. चूक होती. माल परत मिळतो. परत मिळत नाही ते आधी हलवायचं. परवाने, रजिस्टरं, खरेदीची बिलं, उधारीची वही, संगणकातली हार्ड डिस्क. आमचा विम्याचा दावा निम्म्यावर आला तो यामुळंच. जीएसटीच्या पोर्टलवर खरेदी दिसत होती, पण पुराच्या दिवशी दुकानात शिल्लक माल किती होता हे दाखवणारी वही पाण्यात गेली होती. आता दर शनिवारी साठ्याचा अहवाल मेलवर जातो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मोबाइलनं प्रत्येक कपाट उघडून, लेबलं दिसतील असा हळूहळू व्हिडिओ काढते. विम्याची पॉलिसी हातात घेऊन त्यात पूर आणि वादळ ही जोखीम लिहिलेली आहे का, ते स्वतः वाचा. एजंट म्हणाला म्हणून धरून चालू नका. आणि साठ्याची रक्कम खरी लिहा. हप्ता वाचवायला कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते.

मग माल. आधी फ्रिजमधलं, म्हणजे इन्सुलिन आणि लसी. मग गोळ्यांची खोकी, ती हलकी असतात आणि दोन माणसं एका तासात निम्मं दुकान हलवतात. बाटल्या शेवटी. आता आमची सगळी खोकी झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्येच असतात, कारण पुठ्ठा ओल्या हवेनंही बसतो आणि उचलला की तळ सुटतो. क्रेट पहिल्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या ताईंकडं जातात. त्यांच्याशी हे मे महिन्यातच बोलून ठेवलेलं आहे.

औषधवाल्यांचं आणखी एक काम असतं आणि ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ३५ फूट झाले की मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन लावते. बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स, हृदय, दमा. चिठ्ठी घेऊन या आणि महिन्याचं औषध घेऊन जा, पैसे नंतर द्या. फिट्सची गोळी अचानक बंद झाली तर पुराच्या पाण्यापेक्षा तोच धोका मोठा होतो. डायलिसिसवर असलेल्यांना आणि आठवा-नववा महिना असलेल्या बायकांना मी स्पष्ट सांगते की आजच मिरजेकडं किंवा दवाखान्याच्या बाजूच्या नातेवाइकांकडं जा, चाळीसची वाट बघू नका. २०२१ ला असे सगळे फोन करायला मला एक संध्याकाळ लागली.

इन्सुलिनबद्दल लोक घाबरतात म्हणून सांगते. वापरात असलेली कुपी किंवा पेन फ्रिजबाहेर, २५ ते ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. पत्रक वाचून खात्री करा. वीज गेली तर मातीच्या छोट्या मडक्यात ठेवून, भोवती ओलं फडकं गुंडाळून सावलीत ठेवा. बर्फाला थेट लावू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

घर

दारातनं पाणी येण्याआधी ते संडासातनं येतं. गटारं तुंबली की भांड्यातून घाण पाणी उलटं वर चढतं, आणि आपण दारात पोती रचत बसलेलो असतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती भांड्यात आणि न्हाणीच्या मोरीवर बसवा, वर जड पाटा किंवा कडप्प्याचा तुकडा.

फ्रिज पाण्यावर तरंगतो, हे मला ठाऊक नव्हतं. आमचा तरंगत जाऊन दाराला आडवा पडला आणि पाणी उतरल्यावर दार आतून उघडेना, शेवटी कोयंडा तोडला. आता जाताना फ्रिज आणि वॉशिंग मशीन खिडकीच्या गजाला दोरखंडानं बांधतो. गॅसची टाकीही तरंगते. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, टाकी उभी बांधून ठेवायची. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून माळ्यावर. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर चालू राहिला तर घरात वीज खेळतच असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्लायवूडच्या कपाटाची दारं आणि ड्रॉवर उघडे ठेवून निघा. फुगल्यावर ते उघडत नाहीत, मग आतलं चांगलं असलेलंही कुजतं. छतावरची टाकी निघण्याआधी पूर्ण भरून घ्या. परत आल्यावर धुवायला पहिलं पाणी तेच मिळतं.

माळ्यावर किती चढवायचं याला मर्यादा आहे. गावभागात अजून पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरं आहेत. त्या भिंती चार दिवस पाण्यात भिजल्या की खालून सुटतात, आणि कित्येकदा पडतात त्या पाणी उतरताना. अशा घरात "वरच्या माळ्यावर राहू" हा विचार मनातही आणू नका. पक्क्या इमारतीत वर राहायचं ठरवलंत तरी आधी हिशेब करा. माणशी रोज तीन-चार लिटर पिण्या-रांधण्याचं पाणी, आठवडाभर. वीज नाही, संडास नाही, रात्री छातीत दुखलं तर खाली उतरायला जिना नाही.

निघायची पिशवी आमच्याकडं दाराच्या खुंटीला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टांगलेली असते. आधार, रेशन कार्ड, पासबुक, घराचे उतारे, विम्याचे कागद, सगळं झिपच्या प्लास्टिक पाकिटात, आणि त्यांचे फोटो मुलीच्या मोबाइलवरही. सुट्ट्या नोटा, टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, प्रत्येकाची पंधरा दिवसांची औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, सासूबाईंच्या चष्म्याचा जुना जोड, ओआरएस, सॅनिटरी पॅड, आणि एका कागदावर दहा फोन नंबर. मोबाइल बंद पडल्यावर मला माझ्या सख्ख्या बहिणीचाही नंबर आठवला नव्हता.

गोठा असेल तर जनावरं ४० च्या आत हलवा, आणि वेळच आली तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. कडबा आणि पेंड आधीच उंचावर पोचवलेली हवी, नाहीतर माणूस तिथनं परत घराकडं धावतो.

बोटीत बसायची वेळ आली तर जॅकेटशिवाय बसू नका आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जादा माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायकापोरं गेली. बोटीत उभं राहायचं नाही, एका बाजूला झुकायचं नाही. रस्त्यावरच्या वाहत्या पाण्यातून मोटरसायकल घालायची नाही. गटाराचं झाकण वाहून गेलेलं असतं ते दिसत नाही.

वळवाचं थोडंसं

पूर ऑगस्टचा, पण वीज एप्रिल-मेमध्ये माणसं नेते. दुपारी तीननंतर ढग काळवंडले की विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपवर बघा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली नाही, द्राक्षबागेच्या तारांजवळ नाही, पत्र्याच्या टपरीला टेकून नाही. दुकानाचा फलक आणि छतावरचे पत्रे मार्चमध्येच आवळून घ्या. पाटणकडच्या डोंगरात नातेवाईक असतील तर त्यांनाही सांगा. जुलै २०२१ ला तिकडं दरडी कोसळून माणसं गेली. जमिनीला नवी भेग, झाड अचानक कललेलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, यातलं काहीही दिसलं तर रात्र तिथं काढू नये.

पाणी उतरताना

परत यायची घाई सगळ्यांना असते. तरी संध्याकाळी घरात शिरू नका, सकाळी या. हातात काठी, पायात गमबूट. कपाटामागं, गाद्यांच्या ढिगात, चुलीच्या कोनाड्यात साप असतात. चावला तर बांधाबांध, कापणं, मांत्रिक काही नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चढवू नका, आणि पाण्यात राहिलेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना किल्ली फिरवली की दुरुस्ती दहापट होते, आणि विमावाले ते तुमची चूक धरतात. दुसऱ्या गाडीनं ओढून न्या.

काही उचलायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची रेघ आणि खराब सामान एकाच चौकटीत दिसलं पाहिजे. तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर, दोघांनाही हेच लागतं.

गाळ मात्र थांबत नाही. आमच्याकडं जुनी माणसं पाणी उतरत असतानाच झाडू आणि फावडं घेऊन उतरतात, आणि ते अगदी बरोबर आहे. घोट्याएवढं पाणी असताना ते ढवळत ढवळत वायपरनं बाहेर ढकललं की गाळ त्याच्याबरोबर जातो. दोन दिवस उन्हं पडली की तोच गाळ सिमेंटसारखा बसतो आणि मग खुरप्यानं खरवडावा लागतो. गाळ निघाल्यावर साबणानं धुवायचं आणि मग ब्लीचिंग पावडर. उलट केलं तर पावडर घाणीतच संपते. हौद पूर्ण उपसून, घासून, क्लोरिन टाकून, पहिलं पाणी सोडून द्या. पिण्याचं पाणी उकळूनच. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होते" हे आठवणीनं सांगा. लेप्टोचा, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, संशय त्यावरून येतो.

भिजलेले कागद उन्हात टाकू नका, ते कडक होऊन चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालून. वेळ नसेल तर पिशवीत घालून कुणाच्यातरी फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर सावकाश सोडवता येतात. भिजलेलं औषध कितीही बंद पाकिटात दिसलं तरी घेऊ नका. मी २०१९ ला बाटल्यांची बुचं घट्ट असलेलीही सगळी यादी करून नष्ट करायला दिली. पुराचं पाणी बुचातून आत जातं.

आणि भिंत धुण्याआधी एक खिळा घ्या. पाण्याच्या सगळ्यांत वरच्या रेघेवर तो ठोका, टेपनं उंबऱ्यापासूनची उंची मोजा, आणि शेजारी त्या दिवशीचा आयर्विनचा उच्चांक आणि तारीख लिहा. आमच्या दुकानाच्या जिन्याखाली असे दोन खिळे आहेत, २०१९ चा वर आणि २०२१ चा अडीच फूट खाली.